देवाची नावं: तक्ता थोडा बाजूला ठेवा

ताई, इतर वाचणाऱ्यांना धागा सापडावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. एका साधनेत तुम्हाला देवाच्या शंभर नावांचा छापील तक्ता मिळाला. रोज एक नाव घ्यायचं आणि त्यावर पाच मिनिटं मनन करायचं. विसाव्या-बाविसाव्या दिवशी तुमच्या लक्षात आलं की आपण नुसती हजेरी घेतोय. त्यातच आणखी दोन गोष्टी टोचतायत. गटातलं कुणीतरी म्हणालं, खरं हिब्रू नाव घेतल्याशिवाय प्रार्थना पोचत नाही. आणि सासूबाई म्हणतात, ‘देव’, ‘परमेश्वर’ हे शब्द मुळात आपले नव्हेतच. शेवटी तुम्ही हेही विचारलंय, की एकच नाव पुन्हा पुन्हा घेतलं तर तो जप होतो का, आणि जप चालतो का.

मी पस्तीस वर्षं पाळक होतो, त्यातली बहुतेक नगर जिल्ह्यातल्या लहान मंडळ्यांत. आता निवृत्त आहे आणि दर गुरुवारी शास्त्राभ्यास घेतो. असे तक्ते मीही वाटलेत, त्यामुळे तक्ता देणाऱ्यावर माझा राग नाही. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. बायबलमधलं जवळजवळ प्रत्येक नाव कुणाच्या तरी तोंडून, कुठल्या तरी ठिकाणी, कसल्या तरी अडचणीत निघालेलं आहे. तक्त्यात माणूस गळतो, ठिकाण गळतं, अडचण गळते, आणि उरतो तो शब्दार्थ. शब्दार्थावर पाच मिनिटं मनन कसं करणार? दोन मिनिटांत संपतं ते.

हागारेचं उदाहरण घ्या. उत्पत्तीचा सोळावा अध्याय. मिसरी दासी, पोटुशी, मालकिणीच्या जाचाला कंटाळून पळालेली. शूरच्या वाटेवर रानात एका झऱ्यापाशी ती बसलीय. तिथे देवाचा दूत तिला विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस? अख्ख्या गोष्टीत तिला नावाने हाक मारून काही विचारणारा हा पहिलाच. मालक अब्राम, म्हणजे पुढचा अब्राहाम, आणि मालकीण साराय आपसात बोलताना तिला ‘दासी’ म्हणतात. आणि ही बाई उलट देवालाच नाव देते : एल-रोई, मला पाहणारा देव. बायबलमध्ये देवाला नाव ठेवणारी पहिली व्यक्ती हीच. (मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत केवढं अंतर आहे! नावं ठेवायला तिच्याकडे कारणं भरपूर होती.) अब्राहामाने नाही, मोशेने नाही, एका परदेशी मोलकरणीने. तुमच्या तक्त्यात तिचं नाव आहे का बघा. बहुतेक नसेल.

राहुरीकडच्या एका वस्तीवर आमची मंडळी होती. पत्र्याची खोली, चाळीसेक माणसं. टँकरचा उन्हाळा होता. हा अध्याय वाचून झाल्यावर एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, “म्हंजे ती पाण्यापाशी बसली व्हती?” मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, “मग बराबर हाये. बाईमाणूस रडायला पाण्यावरच जातं. घरात कुठं रडणार?” त्यांना अक्षरओळख नव्हती. एवढं बोलून त्यांनी पदर सारखा केला आणि पुढे काही बोलल्या नाहीत. त्यानंतर प्रार्थनेत त्या कायम “बघणाऱ्या देवा” अशी हाक मारायच्या. माझ्या प्रवचनाच्या वहीत ‘एल-रोई’च्या खाली सर्वज्ञता, सर्वव्यापिता असले चार मुद्दे लिहिलेले होते. पुढच्या वेळी ते पान उघडलंच नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. मंडळीतल्या एका शेतकऱ्याने कर्ज काढून बोअर घ्यायची ठरवली. गाडी आल्यावर प्रार्थनेला मला बोलावलं. मी उत्पत्ती २२ वाचलं आणि मोठ्या आवाजात ‘यहोवा यिरे’ म्हणालो, देव पुरवील. चारशे फूट गेले, नुसता फुफाटा निघाला. महिन्याभराने तो माझ्याकडे आला. भांडायला नव्हता आला, खरंच विचारायला आला होता : “पाळकसाहेब, तुम्ही नाव तर घेतलं होतं. मग माझ्याच बोअरला का नाही पुरवलं?” मला उत्तर देता आलं नाही. चहा झाला आणि तो गेला.

त्या रात्री तो अध्याय मी पुन्हा उघडला, हिब्रू कोश शेजारी ठेवून. ‘यिरे’ हे क्रियापद मुळात ‘पुरवणं’ नाहीच, ते ‘पाहणं’ आहे. हागारेच्या ‘रोई’मधला आणि मोरियाच्या डोंगरावरच्या ‘यिरे’मधला धातू एकच. तिथे अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघालाय. तो मुलगा, इसहाक, विचारतो, लाकडं आहेत, विस्तव आहे, कोकरू कुठंय? बाप म्हणतो, देव स्वतः कोकरू पाहील. इंग्रजीत ‘पुरवील’ केलं, तेच आम्ही सेमिनरीत शिकलो आणि तेच मंडळीत सांगत राहिलो. पण मराठीला ही अडचणच नव्हती! आपण म्हणतोच की, “जेवणाचं मी बघतो.” “फीचं काय ते मामा बघतील.” “म्हातारीला कोण बघतं?” आपल्या ‘बघणं’त नजर आणि जबाबदारी दोन्ही आहेत, अगदी हिब्रूसारखी. (‘बघून घेईन’ मात्र वेगळं. तो सूर संदेष्ट्यांच्या पुस्तकांत सापडतो.)

आणखी एक गोष्ट तेव्हा दिसली. अब्राहामाने त्या जागेला नाव दिलं ते कधी? सगळं घडून गेल्यावर, झुडपात शिंगं अडकलेला एडका सापडल्यावर. डोंगर चढताना त्याच्याजवळ नाव नव्हतं, मुलाला दिलेलं एक कापरं उत्तर तेवढं होतं. मी मात्र ते नाव आधीच पावतीसारखं फाडून त्या शेतकऱ्याच्या हातात दिलं होतं. पुढच्या रविवारी मंडळीसमोर मी हे कबूल केलं. त्याचं कर्ज फिटलं का त्यामुळे? नाही. पण तो उपासनेला येत राहिला.

आता ‘खरं नाव’ कोणतं, ते घेऊ. जुन्या करारात देवाचं खास नाव चार हिब्रू व्यंजनांत लिहिलंय : योद, हे, वाव, हे. ते ६,८०० हून अधिक वेळा येतं. हिब्रू लिखाणात त्या काळी स्वर लिहीत नसत. आणि आदरापोटी यहुद्यांनी ते नाव उच्चारणंच थांबवलं. वाचताना तिथे ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’, असं म्हणायचं किंवा नुसतं ‘हश्शेम’, म्हणजे ‘ते नाव’. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. माझ्या आजीने आयुष्यात आजोबांचं नाव घेतलं नाही. ‘हे’, ‘इकडून’, फारच झालं तर उखाण्यात. नाव तिला ठाऊक नव्हतं का? उलट, सगळ्यांत जास्त तिलाच ठाऊक होतं. कोकणातले यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, आपले शनिवार तेली, घरात मराठी बोलत आले. बाकीचं पुष्कळ विसरलं गेलं तरी ‘शेमा इस्राएल’, म्हणजे ‘हे इस्राएला, ऐक’ ही प्रार्थना, तेवढी टिकली, असं त्यांची परंपरा सांगते. त्या शेमातही ते चार अक्षरांचं नाव ‘अदोनाय’ असंच वाचलं जातं.

पुढे इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकाच्या दरम्यान मसोरा म्हणवणाऱ्या यहुदी पंडितांनी पोथ्यांत स्वरचिन्हं घातली. तेव्हा या चार व्यंजनांवर त्यांनी ‘अदोनाय’चे स्वर बसवले. वाचणाऱ्याला खूण, की इथे अदोनाय म्हणा. नंतरच्या ख्रिस्ती वाचकांनी एकाची व्यंजनं आणि दुसऱ्याचे स्वर एकत्र वाचले आणि ‘यहोवा’ तयार झालं. ‘याहवे’ हा उच्चार विद्वानांनी पुराव्यांवरून बांधलेला, मूळच्या अधिक जवळचा. आपल्याकडे यहोवा, याव्हे, याहवे अशा सगळ्या तऱ्हा चालतात. मराठी बायबलमध्ये बहुतेक ठिकाणी त्या नावाच्या जागी ‘परमेश्वर’ वाचाल, आणि ‘एलोहीम’च्या जागी ‘देव’. म्हणून उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात ‘परमेश्वर देव’ अशी जोडी दिसते. ती द्विरुक्ती नाही, दोन वेगळे शब्द आहेत.

तर नाव चुकलं म्हणून प्रार्थना पोचत नाही, असं म्हणणाऱ्याला एवढंच विचारा : मग पौलाची पोचली का? नवा करार ग्रीकमध्ये आहे आणि आपल्या हाती असलेल्या त्याच्या एकाही ग्रीक हस्तलिखितात ती चार अक्षरं नाहीत. सगळीकडे ‘किरियॉस’, प्रभू. येशूच्या आधीच जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर झालं होतं, त्यातून ही चाल आली. तुम्ही कॅथलिक असाल तर आणखी एक : २९ जून २००८ च्या पत्राने व्हॅटिकनच्या उपासनाविषयक खात्याने कळवलं की मिस्सात आणि उपासनागीतांत हे चार अक्षरी नाव उच्चारू नये. कारण हेच, यहुद्यांचा आणि पहिल्या ख्रिस्ती लोकांचा रिवाज. आणि तरीही ते नाव तोंडी यावं असं वाटत असेल, तर ते तुम्ही रोज घेताच आहात. ‘हालेलूया’चा शेवटचा ‘या’ त्याच नावाचं लहान रूप आहे.

पण मला विचाराल तर, उच्चारापेक्षा ते नाव मिळालं कसं ते वाचा. निर्गमचा तिसरा अध्याय. मोशे होरेब डोंगराकडे सासऱ्याची मेंढरं चारतोय. जळत्या झुडपातून हुकूम येतो, फारोकडे जा. तो म्हणतो, मी कोण जाणारा? उत्तर येतं, मी तुझ्याबरोबर असेन. हिब्रूत ‘एह्ये इम्माख’. मग मोशे म्हणतो, लोक नाव विचारतील, काय सांगू? तेव्हा येतं ते प्रसिद्ध ‘एह्ये अशेर एह्ये’. मी आहे तो आहे, किंवा मी जो असेन तो असेन. दोन्ही अर्थ व्याकरणात बसतात. यावर तत्त्वज्ञांनी पोथ्यांवर पोथ्या लिहिल्या : स्वयंभू, अनादि, निर्विकार. खोटं नाही ते. पण दोनच ओळी आधी तेच क्रियापद ‘तुझ्याबरोबर असेन’मध्ये आलंय, ते विसरून वाचलं तर नाव थंड पडतं. आपल्याकडे रात्री दवाखान्यात कुणी घाबरलं तर शेजारी बसलेला काय म्हणतो? “मी आहे ना.” त्या वाक्यात कोण, कसा, किती, काहीच सांगितलेलं नसतं, आणि ऐकणाऱ्याला ते पुरतं. मोशेला मिळालेलं नाव मी मंडळीत असंच शिकवतो. एका तरुण सहकाऱ्याला हे फारच घरगुती वाटलं. वाटो.

सासूबाईंच्या आक्षेपाला मी हसणार नाही. ज्यांच्या घराण्याने धर्म बदलताना खूप काही सोसलं, त्यांना जुन्या शब्दांची धास्ती वाटू शकते. पण त्यांना प्रेमाने सांगा, ताई, की अशी सोवळी भाषा कुणाच्याच वाट्याला आलेली नाही. हिब्रू ‘एल’, म्हणजे देव, हा शब्द कनानी लोकांचाही. सिरियातल्या रास शम्रा इथे १९२९ मध्ये उगारितच्या मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांत ‘एल’ हा तिथल्या देवमंडळाचा मुख्य आहे. ग्रीक ‘थिऑस’ झ्यूसलाही चालायचा. अरबी बोलणारे ख्रिस्ती आजही प्रार्थनेत ‘अल्लाह’ म्हणतात. आणि आपल्याकडे? इंग्रज जेज्विट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचं मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापून निघालं. सुरुवातच ‘वो नमो विश्वभरिता’ अशी. पुढे देवा बापा, सर्वसमर्था, परमेश्वरा, सत्यवंता. स्वर्गाला त्यांनी ‘वैकुंठ’ म्हटलंय! चारशे वर्षांपूर्वी ज्या शब्दांत या देशात ख्रिस्ती माणसाने देवाला हाक मारली ते परके कसे? गोव्यात कोकणी बोलणारे ख्रिस्ती आजही आभार मानायला ‘देव बरें करूं’च म्हणतात. पंडिता रमाबाई खेड्यातल्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून उतारवयात हिब्रू-ग्रीकशी झटत राहिल्या. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते पुस्तक केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये छापून झालं. कोणता शब्द घ्यावा यावर आपल्या माणसांत मतभेद होते आणि असोत. शब्द बाटतो तसा धुतलाही जातो. कुणाच्या तोंडी तो रोज असतो, यावर ते ठरतं.

व्याकरणाची एक गंमत. ‘एलोहीम’ हे रूप अनेकवचनी आहे, पण क्रियापद एकवचनी येतं. आपण नेमकं उलटं करतो : ‘बाबा आले’. बाबा एकच, क्रियापद अनेकवचनी, आदरार्थी. मात्र देवाच्या बाबतीत हा आदर आपण मुद्दाम सोडतो. ‘देव म्हणाला’, ‘देवा, तू ये’. वडिलांना अहो-जाहो करणारा माणूसही देवाला अरे-तुरे करतो. घरात ‘तू’ कुणाला? आईला. ‘ए आई’. म्हणजे ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो’ असं म्हणताना नातं बापाचं असतं आणि सर्वनाम आईचं. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला ‘गुरुमाउली’ म्हटलं, ते काही नुसतं वारकरी वळण नव्हे. यशयाच्या ६६ व्या अध्यायात देव स्वतःच म्हणतो की आई सांत्वन करते तसं मी तुमचं करीन.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ‘बाप’ या नावापाशी पुष्कळजण अडतात. आमच्या शास्त्राभ्यासात एक मुलगी प्रभूची प्रार्थना सुरू झाली की पहिल्या ओळीला गप्प व्हायची आणि ‘तुझे राज्य येवो’पासून सामील व्हायची. घरी बाप पिऊन मारायचा. मी तिला कधी ती ओळ म्हणायला लावली नाही. तिला स्तोत्रांतला ‘खडक’ दिला. खडक ओरडत नाही, हलत नाही, त्याच्या आडोशाला बसता येतं. पाचेक वर्षांनी तिने पहिली ओळ म्हटली की नाही, हे मी बघायलाही गेलो नाही. तुमच्या तक्त्यातलं एखादं नाव घशात अडकत असेल तर पुढे जा, त्यात पाप नाही.

‘अब्बा’बद्दल मात्र एक खुलासा. प्रवचनांत सांगतात की हा लहान मुलांचा बोबडा शब्द. तितकंसं नाही, मोठी झालेली मुलंसुद्धा बापाला अब्बाच म्हणत. आणि शुभवर्तमानांत तो येशूच्या तोंडी एकदाच नोंदलाय, मार्क १४ मध्ये. कुठे? गेथशेमानेत. त्या नावाचा अर्थच तेलाचा घाणा. अब्बा, तुला सर्व शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर. प्याला दूर झाला नाही. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर तो ‘अब्बा’ म्हणत नाही, ‘एलोई, एलोई’ म्हणतो, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. आणि लूककडे वाचलं तर अखेरच्या श्वासाला पुन्हा ‘बापा’. एका दिवसाच्या आत तोंडी आलेली ही नावं. बोअरवाल्या त्या भावाला मला हे सांगता आलं असतं, पण तेव्हा माझं स्वतःचंच वाचन कच्चं होतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, एकच नाव पुन्हा पुन्हा घेतलं तर तो जप होतो का, आणि जप चालतो का. येशू ‘व्यर्थ बडबड’ करू नका म्हणाला. पण १३६ व्या स्तोत्रात एकच पालुपद २६ वेळा येतं, आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ हे वाक्य शतकानुशतकं श्वासाबरोबर म्हणत आल्यात. तेव्हा पुन्हा पुन्हा म्हणण्यात दोष नाही. मोजून दाम मागण्यात आहे. ‘देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको’ या आज्ञेत हिब्रू क्रियापद ‘उचलणं, वाहणं’ असं आहे. आपण नाव ‘घेतो’ तसं ‘लावतो’ही, बापाचं नाव लावतो. ती आज्ञा शिव्याशापांपुरती नाही. त्याचं नाव लावून फिरताना आपण वागतो कसं, हेही तिच्यात येतं.

आता काय करायचं ते. तक्ता घडी करून बायबलमध्ये ठेवा, फाडू नका, महागाचा असतो. महिनाभर एकच नाव घ्या आणि तेही गोष्टीतून. सुरुवात उत्पत्ती १६ पासून करा. पहिला आठवडा फक्त अध्याय वाचा, मोठ्याने, रोज. नाव घेऊच नका. दुसऱ्या आठवड्यात ‘कुठून आलीस, कुठे चाललीस’ या प्रश्नाला स्वतःचं उत्तर द्या, ज्या बोलीत भांडता त्या बोलीत. वसईकडच्या असाल तर तिथल्या बोलीत, पुस्तकी मराठीत नको. मग नाव घ्या, एल-रोई म्हणा नाहीतर बघणाऱ्या देवा म्हणा, आणि गप्प बसा. मिनिटं मोजू नका. काही वाटलं नाही तरी उठा आणि कामाला लागा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच अध्याय. सासूबाईंनाही बसवा, हागार आणि साराय यांची गोष्ट सासूसुनेने एकत्र वाचण्यासारखी आहे, त्या काय म्हणतात ते मला जरूर कळवा. उत्पत्ती २२ पुढच्या महिन्यात, आधी नको.